पहिल्या पुस्तकाचे पुजारी

गेल्या वर्षी कळंबच्या आमच्या महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी ‘गोलपिठा’ शिकवत होतो. माझे वडील सालदार, आई कापूस वेचायला जायची. घरातले पहिले पदवीपत्र माझे. मराठीचा मास्तर होण्याचे बळ मला ज्या मोजक्या पुस्तकांनी दिले, त्यांत नामदेव ढसाळांचे हे पुस्तक आहे. म्हणून ते शिकवताना माझा आवाज जरा चढतोच. तास संपला आणि एक विद्यार्थिनी झेरॉक्सची काही पाने घेऊन पुढे आली. ती पाने होती ‘प्रियदर्शिनी’ची. तिने विचारले, “सर, हे बी त्यायनंच लिहिलं काय?”

मी ‘हो’ म्हणालो. ‘तो काळच तसा होता’ असे काहीतरी पुटपुटलो आणि घंटा झाल्याचे निमित्त करून निघालो. ज्या मास्तराने अर्धा तास विद्रोहावर भाषण केले, त्याने एका साध्या प्रश्नापुढे पळ काढला. हा लेख त्या पळण्याचा हिशेब आहे.

आधी घटना क्रमाने मांडू. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. त्याच वर्षी ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. चारच वर्षांनी, १९७६ साली, आणीबाणी चालू असताना ‘आमच्या इतिहासातील एक अपरिहार्य पात्र : प्रियदर्शिनी’ ही इंदिरा गांधींवरची दीर्घ कविता आली. पुढे १९८१ मध्ये ‘तुही इयत्ता कंची?’ आणि १९८६ मध्ये ‘गांडू बगीचा’. मधल्या काळात मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायूंच्या आजाराने शरीर पोखरायला घेतले होते. १९९९ साली पद्मश्री मिळाली. ‘सामना’त सदर सुरू झाले, शिवसेनेशी जवळीक झाली. १९७४ च्या जानेवारीत वरळीत पँथर आणि शिवसैनिक समोरासमोर आले होते आणि त्याच दिवसांत भागवत जाधव शहीद झाले होते, हे ज्यांना आठवत होते त्यांना ही जवळीक सोसली नाही. १५ जानेवारी २०१४ रोजी ढसाळ गेले.

लाडक्या कलावंताला उतारवयात ओहोटी लागते, असे आपण सहज बोलून जातो. या तारखा त्या बोलण्याला साथ देत नाहीत. ‘प्रियदर्शिनी’ लिहिणारा कवी अवघ्या सत्तावीस वर्षांचा होता. म्हातारपण, आजार यांतले काहीच तेव्हा त्याच्या वाट्याला आले नव्हते. आणि त्या पडझडीनंतर पाच वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला. म्हणजे ओहोटीचे कारण वयात शोधून भागणार नाही.

या पडझडीची तीन स्पष्टीकरणे मी ऐकत आलो आहे. प्रस्थापित समीक्षक म्हणतो, अनुभव संपला म्हणून कविता संपली. दलित लेखकाकडे एकच अनुभव असतो आणि तो एका पुस्तकात संपतो, हा त्याचा जुना समज. आपल्यातला संतापलेला कार्यकर्ता म्हणतो, तो विकला गेला. आणि आपल्यातला भक्त म्हणतो, आपल्या माणसाविषयी असे चारचौघांत बोलू नये. तिघांत एक गोष्ट समान आहे. नंतरची पुस्तके तिघांनीही नीट वाचलेली नसतात.

अनुभव संपला म्हणावे तर कामाठीपुरा १९७६ साली कुठे गेला होता? तिथली भूक, तिथला बाजार जागच्या जागी होता. बदलली होती ती कवीच्या बोलण्याची दिशा. ‘गोलपिठा’तला कवी ज्यांच्यात जगला त्यांच्यात उभा राहून बोलतो. शब्दकोशाची परवानगी मागत नाही. वाचकाला अर्थ लागला नाही, तर ते वाचकाच्या जगण्याचे अपुरेपण ठरते. विजय तेंडुलकरांसारख्या नाटककाराने त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली तीही या अपरिचित जगापुढे थबकून. ‘प्रियदर्शिनी’त तोच कवी वर, सिंहासनाकडे तोंड करून बोलू लागतो. आणि सत्तेकडे तोंड करून बोलायचे म्हटले की आपल्या भाषेत एक आयता साचा हजर असतो. तो स्तुतीचा. आपल्या वाडवडिलांना वाड्याच्या दाराशी उभे राहून जोहार घालावा लागे. ज्या कवीने मराठी कवितेतून जोहार हद्दपार केला, त्याच्याच कवितेत तो मागच्या दाराने शिरला. हे लिहिताना मला सुख होत नाही. पण हे त्या मुलीला त्याच दिवशी सांगायला हवे होते.

याचीच दुसरी बाजूही सांगायला हवी होती. ‘तुही इयत्ता कंची?’ या नावातच प्रश्न आहे, आणि तो शेजारच्या माणसाला विचारावा तसा विचारलेला आहे. दिशा वळली आणि भाषाही परत आली. ‘गांडू बगीचा’त तर कवी स्वतःलाही सोडत नाही. त्यानंतरच्या संग्रहांत मला चढउतार दिसतात. एखादी जबरदस्त ओळ आणि तिच्या शेजारी नुसती घोषणा. ही ओळ ठेव, ही काढ, असे म्हणणारे कोणी त्यांच्याजवळ उरले नव्हते काय, असे वाटत राहते.

इथे बोट आपल्याकडे वळते. बालगंधर्वांचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्यतेविरुद्ध बोलणारा तो चित्रपट. पण पुढे ते पुन्हा रंगभूमीवर स्त्रीवेषातच उभे राहिले आणि वय उलटले तरी उभे राहत गेले. प्रेक्षक समोरचा नट पाहत नव्हता, आपल्या तरुणपणची आठवण पाहत होता. त्या टाळ्यांनी नटाला थांबू दिले नाही आणि बदलूही दिले नाही. आपण त्या रसिकांना हसतो. मग आपण वेगळे काय केले? ‘गोलपिठा’ देव्हाऱ्यात ठेवला, कवीला शाल घातली आणि त्याचे पुढचे पुस्तक उघडलेच नाही. बाबुराव बागुलांचेही हेच. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आणि ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) यांच्यापुढचे बागुल किती प्राध्यापकांनी वाचले आहेत? मी स्वतः नोकरी लागल्यावर वाचले, हे कबूल करतो.

वामनदादा कर्डकांची गोष्ट निराळी आहे. २००४ साली गेले तोवर त्यांचे गाणे गावोगाव फिरत राहिले. १४ एप्रिलला कळंबच्या वस्तीत आजही त्यांचीच गाणी लागतात. त्यांनी लिहिलेले सगळेच गाणे टिकले नाही. पण निवाडा समोर बसलेल्या माणसांच्या हाती होता. बायाबापड्यांनी गाणे उचलले तर ते उरले, नाहीतर त्याच रात्री विरले. शाहिराला रोज परीक्षा होती. छापील कवीला ती नसते. त्याच्यासाठी ते काम समीक्षेने करायचे असते, आणि आपल्या समीक्षेने ते केले नाही. तिने एकतर सत्कार केला, नाहीतर बहिष्कार.

आपल्या परंपरेत याला आधार नाही. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. १९७६ ची ती कविता या इशाऱ्याविरुद्ध जाते, हे म्हणायला आपण कचरलो, कारण कवीविषयीची आपली भक्तीही त्याच जातीची होती. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली आले. तेव्हाही आपल्यातल्या अनेकांना बाईने सोसलेल्यापेक्षा कवीच्या प्रतिमेची काळजी अधिक वाटली.

कोणी म्हणेल, आपल्या लेखकांची उणीदुणी आपणच काढली तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. ते कोलीत त्यांच्या हाती आधीपासून आहे. आपण गप्प राहिलो तर ‘प्रियदर्शिनी’ काय आहे हे आपल्या मुलांना तेच सांगतील, आणि ‘तुही इयत्ता कंची?’विषयी मात्र एक अक्षर बोलणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात फळ्यावर चार साले लिहिली : १९७२, १९७६, १९८१, १९८६. मुलांना म्हटले, आज भाषण नाही, चारी ठिकाणचे थोडे थोडे वाचायचे आणि कवी कोणाशी बोलतो आहे तेवढे सांगायचे. दोन तास गेले. भांडणे झाली. त्या मुलीने शेवटी वहीत लिहिले की, हा कवी चुकला आणि परतही आला, हे तिला आधी कोणी सांगितले नव्हते.

सांगायला मीच होतो.