उतारवयातील गाणे आणि आपले कान

वृद्ध कलावंताच्या मैफलीबद्दल लिहिण्याची मराठीत एक ठरलेली भाषा आहे. ‘वय झाले तरी आवाजातली जादू तीच’, ‘काळ जणू थांबला’ ही वाक्ये कोणत्याही थोर नावाखाली छापता येतात. ती खोटी असतात असे नव्हे. ती गाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत, ही खरी अडचण आहे. ऐंशीव्या वर्षीचे गाणे चाळिशीतल्यासारखे असू शकत नाही. मग ते असते कसे? त्यात काय गळते, काय उरते, आणि जे उरते ते आपण ऐकतो का?

आपल्याकडे संगीतविषयक लेखनाची परंपरा मोठी आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, बी. आर. देवधर यांनी गवयांची जिवंत चित्रे काढली. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’मध्ये सूर आणि लय या दोन अंगांच्या तोलावर घराणी मांडून दाखवली. अशोक दा. रानडे यांनी मैफलीच्या व्यवहाराचाच विचार केला. तरीही वृद्धत्व हा आपल्या लेखनात बहुधा व्यक्तिचित्राचा विषय राहतो. गवयाच्या लकबी, त्याचा फटकळपणा, त्याची गुरुभक्ती यांवर पाने भरतात. त्याच्या उतारवयातील लयीवर एखादेच वाक्य येते.

हा प्रश्न माझ्यासारख्या श्रोत्याला अधिक जाणवतो, त्याला कारण आहे. मी कर्जतजवळच्या दहिवलीचा. उल्हास नदीकाठच्या या गावातून मुंबई आणि पुणे दोन्ही शंभरेक किलोमीटरवर. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला घाटासाठी मागून जादा इंजिने लावतात, आणि मुंबईहून परतायचे तर शेवटच्या कर्जत लोकलवर डोळा ठेवून मैफल ऐकावी लागते. तिकीट, प्रवास आणि दुसऱ्या दिवशीची नोकरी यांचा हिशेब मांडला की वर्षात एखादीच मैफल पदरी पडते. मग माणूस साहजिकच मोठे नाव निवडतो, आणि मोठे नाव बहुधा वयानेही मोठे असते. तोवर त्या कलावंताचे गाणे आपण आकाशवाणीच्या शनिवारच्या अखिल भारतीय कार्यक्रमात ऐकलेले असते; कॅसेट झिजवलेली असते. म्हणजे गायकाचे तारुण्य आम्हांला यंत्रातून भेटते आणि वार्धक्य प्रत्यक्षात. मंडपात शिरताना आम्ही ती कॅसेट कानात घेऊनच शिरतो.

याचा परिणाम काय होतो ते एका मैफलीत मी पाहिले. गायकाचे नाव मुद्दाम देत नाही. ते मोठे होते आणि त्याबद्दल दुमत नाही. ते मंचावर येताच सभागृह उभे राहिले. विलंबित ख्यालात श्वास पुरेना. तार षड्ज मागे बसलेल्या शिष्याने लावला आणि टाळ्या गुरूंना मिळाल्या. त्यांच्या गाजलेल्या बंदिशीचा मुखडा येताच पुन्हा टाळ्या. पण द्रुत बंदिशीत एका आवर्तनात त्यांनी मुखडा मुद्दाम उशिरा उचलला, शब्द आखडले आणि अनपेक्षित वाटेने नेमके समेवर आणून ठेवले. तबलजीने मान वर करून पाहिले. सभागृहात शांतता होती. त्या संध्याकाळी त्यांचे म्हणून जे नवे होते, त्याला दाद मिळाली नाही. दाद मिळाली ती शिष्याच्या सुराला आणि आमच्या स्मरणातल्या ध्वनिमुद्रिकेला. मला यात त्या गायकाचा अपमान दिसतो.

शरीर काय हिरावून घेते याची यादी अवघड नाही. दमसास कमी होतो, तार सप्तक दूर जाते, लांबवलेल्या स्वरात कंप येतो, वेगवान तानेतले दाणे एकमेकांत मिसळतात. ज्या गोष्टी स्नायूंपेक्षा विचारावर उभ्या आहेत त्या मात्र बराच काळ टिकतात: रागाच्या चलनाची जाण, कोणत्या स्वरावर किती थांबायचे याचा विवेक, शब्द तालात कुठे टाकायचा ही समज, समेकडे येण्याच्या वाटा. पहिल्या गोष्टी दुरूनही ऐकू येतात. दुसऱ्यांसाठी जवळ जावे लागते.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढावासा वाटतो: दीर्घ स्वरावर भर असलेले किराणा घराणे म्हातारपणी अडचणीत यावे आणि लयीच्या बांधणीवर उभे असलेले जयपूर-अत्रौली तरून जावे. मल्लिकार्जुन मन्सूर (1910-1992) या निष्कर्षाला पुष्टी देतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मी त्यांना पुण्यात ऐकले. आवाज बारीक आणि टोकदार झालेला. पण स्वरवाक्य आवर्तनाच्या पोटात कुठून सुरू होईल आणि कुठे वळेल याचा अंदाज बांधणे अशक्य होते. वाक्ये आखूड होती, पण ती श्वास संपल्यामुळे तुटत नव्हती. त्यांची घडणच तशी होती. साथीला बसलेले राजशेखर मन्सूर वडिलांच्या वाक्याला पुढचे वाक्य जोडत, त्यांचे राहिलेले वाक्य पुरे करत नसत. हा फरक महत्त्वाचा आहे.

पण जयपूर-अत्रौलीच्याच केसरबाई केरकर (1892-1977) यांनी 1963-64 च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, जाहीर गाणे थांबवले. कारणे काहीही असोत, त्यांच्या गायकीची घडण पाहता तो निर्णय मला कलाविचाराशी सुसंगत वाटतो. तिन्ही सप्तकांत सारख्या वजनाने फिरणारा खुला, भरदार आकार हा त्यांच्या गाण्याचा पायाच होता. तो उणा झाला तर उरेल ते गाणे केसरबाईंचे राहिले नसते. उलट किराण्याच्या गंगूबाई हनगल (1913-2009) यांनी 2006 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावरही, जाहीर मैफल केली. म्हणजे घराण्याचे सूत्र पुरेसे नाही.

मला दुसरेच एक सूत्र दिसते. ‘गांधारी हनगल’ या नावाने निघालेल्या गंगूबाईंच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत आवाज पातळ आणि उंच आहे. पुढे घशावरील उपचारानंतर तो खाली गेला, रुंद झाला. आणि त्यांनी त्या आवाजाचे गाणे नव्याने उभे केले. अल्लादिया खाँसाहेबांची हकीकत तर सर्वश्रुत आहे. आमलेटा दरबारी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला, आणि परत आलेल्या आवाजाच्या मर्यादा ओळखून त्यांनी वेगळी पेचदार गायकी घडवली, असे सांगितले जाते. मन्सूरांनी आवाज गमावला नव्हता, पण मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतल्यावर त्यांनी मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे आपली गायकी नव्याने मांडली. आपले गाणे एकदा मोडून पुन्हा बांधण्याचा अनुभव या तिघांच्या गाठी होता. वृद्धत्व त्यांच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्यासारखे आले. तीन उदाहरणांवरून नियम सांगता येत नाही. पण वृद्ध कलावंत ऐकताना विचारावा असा प्रश्न यातून मिळतो. तो जुने गाणे कमी ताकदीने गातो आहे, की आजच्या ताकदीचे गाणे रचतो आहे?

मागे बसलेल्या शिष्यांकडेही या प्रश्नाने पाहावे. गंगूबाईंसोबत त्यांची कन्या कृष्णा वर्षानुवर्षे गायली. वरच्या सप्तकात कृष्णाताईंचा आवाज, खाली गंगूबाईंचा. दोन आवाजांचे मिळून एक गाणे होई. तिथे साथ हा रचनेचाच भाग होता. काही मैफलींत मात्र साथ ही डागडुजी असते. समीक्षकाने हा भेद नोंदवला नाही, तर शिष्यावर अन्याय होतो आणि गुरूवरही.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. 2007 मध्ये सवाई गंधर्व महोत्सवात पंच्याऐंशी वर्षांचे भीमसेन जोशी गायले. गुरूच्या स्मृतीसाठी 1953 पासून त्यांनीच वाढवलेला हा महोत्सव. तिथे जमलेले हजारो लोक काही स्वर मोजायला आले नव्हते. पंडित रविशंकर 4 नोव्हेंबर 2012 रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे, ब्याण्णवाव्या वर्षी, कन्या अनुष्कासह अखेरचे वाजवायला बसले. तिथेही श्रोत्यांच्या मनात प्रथम कृतज्ञताच असणार. कृतज्ञता हा रसिकतेचा भाग आहे, आणि दर्शनालाही आपले मोल आहे. पण ज्याने साठ-सत्तर वर्षे स्वराचा हिशेब चोख ठेवला, त्याच्यापुढे बसून हिशेबच सोडून देणे ही कृतज्ञता नव्हे. देवाच्या मूर्तीने आज काय वेगळे केले असे कोणी विचारत नाही. गवयाबाबत ते विचारलेच पाहिजे, कारण तो अजून काहीतरी करतो आहे.

यातला व्यावहारिक धडा माझ्यासारख्या दूरच्या श्रोत्यांसाठी आहे. उतारवयातील गाणे ऐकण्याची तयारी त्या संध्याकाळी होत नाही. ती त्याच गायकाला आधी प्रत्यक्ष ऐकल्याने होते. ध्वनिमुद्रिका फक्त निवडलेली संध्याकाळ सांगते. गायकाचे नेहमीचे, चुकत-सावरत चाललेले गाणे मंडपातच कळते. आज चाळिशीत असलेले गायक-वादक पनवेल, कल्याण, खोपोलीपर्यंत येतात. तिकीट परवडते, पुढच्या रांगेत जागा मिळते, आणि मैफल संपवून शेवटची लोकलही गाठता येते. त्यांना आता ऐकले, तर तीस-चाळीस वर्षांनी ते मंचावर हळूहळू चढतील तेव्हा त्यांनी काय सोडले आणि काय राखले हे ओळखणारे चार कान तरी सभागृहात असतील. आणि मुखडा उशिरा उचलून कोणी समेवर आले, तर तिथे दाद द्यायला तबलजी एकटा उरणार नाही.