बिऱ्हाडकरूचे प्रवासवर्णन

मराठी प्रवासवाङ्मयाचे भांडार आज चांगलेच संपन्न झाले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु टीकाकाराच्या दृष्टीने त्याकडे पाहू लागले म्हणजे एक उणीव चटकन ध्यानात येते. ह्या ग्रंथांतून अंतराचा हिशेब विपुल आढळतो. काळाचा हिशेब मात्र फारच तुटपुंजा. किती देश पाहिले, किती समुद्र ओलांडले, हे ग्रंथकार आवर्जून सांगतो. पण एका गावी तो किती दिवस राहिला, तेथे दूध कोठून आणीत असे, शेजारी कोण होते, हे वाचकाने तर्कानेच जाणावयाचे. प्रवास म्हणजे पाहणे, असे जणू आपण गृहीतच धरले आहे. प्रवास म्हणजे राहणेही असू शकेल, हा विचार आपल्या लेखकांच्या मनास फारसा शिवलेला दिसत नाही.

हा प्रश्न आजच काढण्यास कारण आहे. गेल्या पिढीपर्यंत मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय कुटुंबाची यूरोपची सफर म्हणजे एखाद्या प्रवासी कंपनीबरोबर पंधरवड्यात आठदहा देशांना घातलेली प्रदक्षिणा असे. आता काही कुटुंबे निराळ्या रीतीने जाऊ लागली आहेत. पॅरिस किंवा ल्यों ह्यांसारख्या एकाच शहरी तीन-चार आठवड्यांकरिता एखादी सुसज्ज जागा भाड्याने घ्यावी, मंडईतून भाजी आणावी, चुलीवर आपल्या हाताने वरणभात शिजवावा आणि उरलेल्या वेळात शहर जसे भेटेल तसे भेटू द्यावे, अशी ही रीत आहे. ह्या नव्या वहिवाटीतून नवे प्रवासवर्णन जन्मास येईल काय, आणि आले तर ते कोणत्या कसोटीवर घासून घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, रीत नवी असली तरी वृत्ती नवी नाही. तिला आपल्या भाषेत 'बिऱ्हाड करणे' असा नेमका शब्द आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत पंढरपुरी चातुर्मास करणारा वारकरी दर्शन घेऊन लगोलग परतत नाही. तो त्या गावचा होऊन राहतो. नाशिक-त्र्यंबकास गेलेले कुटुंब तीर्थोपाध्यायाच्या घरी उतरे, आणि उपाध्याय आपल्या नामावळीत त्याच्या कुळाची नोंद करी. हवापालटासाठी महाबळेश्वरी किंवा पाचगणीस जागा घेऊन राहणारी कुटुंबेही आपल्या परिचयाची आहेत. ह्या सर्व प्रकारांत पाहुणा आणि गाव ह्यांच्यामध्ये काही एक देणेघेणे असे. बिऱ्हाडकरू हा शब्दच मुळी नात्याचा आहे. घरमालकावाचून, शेजाऱ्यावाचून त्यास अर्थ नाही.

पाहणे आणि राहणे ह्यांतील अंतर समजण्यास दूर जावयास नको. अहिल्यानगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रवरेच्या काठी आमचे कोल्हार आहे. शिर्डीस जाणारी असंख्य वाहने येथून रोज जातात. त्यांतील प्रवाशांनी कोल्हार पाहिले आहे, हे नाकारता येणार नाही. पूल पाहिला, नदी पाहिली, दुकानांच्या पाट्या वाचल्या. परंतु भगवतीमातेच्या यात्रेत गावाचे रूप कसे पालटते, कालव्याचे आवर्तन लांबले म्हणजे चावडीवरच्या बोलण्याचा सूर कसा बदलतो, उसाच्या गळीत हंगामात रस्त्याला कोणता वास येतो, हे त्यांस कसे कळावे? खिडकीतून दिसते ते गाव खोटे नसते. ते अपुरे असते. आणि आपली बहुतेक प्रवासवर्णने खिडकीतून लिहिलेली आहेत.

ह्यास जे अपवाद आहेत, तेच आपल्या वाङ्मयात टिकून राहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली निघाले ते दक्षिणेच्या आशेने. युद्ध पाहण्याचा त्यांचा संकल्प नव्हता. परंतु झाशीस त्यांचा मुक्काम झाला, आणि १८५८ साली वेढा पडला तेव्हा ते त्या शहराच्या आत होते. 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्याची थोरवी केवळ ऐतिहासिक माहितीत नाही. झाशीचा नाश आपणांस हेलावून सोडतो तो अशासाठी की, गोडसे भटजींनी त्या शहराचे जेवणखाण, राणीसाहेबांचा दिनक्रम आणि लोकांची रीतभात आधी आपल्या परिचयाची करून दिलेली असते. जे शहर वाचकाने आतून पाहिले, त्याच्याच जळण्याचा चटका त्यास बसतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. अमेरिकेविषयीच्या त्यांच्या १८८९ सालच्या ग्रंथाचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' असे आहे. नावातच लोकस्थिती पुढे आणि प्रवास मागे! बाई त्या देशात १८८६ पासून दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. घरे, शाळा, स्त्रियांच्या संस्था ह्यांत त्या वावरल्या. म्हणून त्यांची स्तुतीही डोळस आहे आणि तेथील वर्णद्वेषावरची टीकाही वरवरची नाही.

पुढे १९४० साली अनंत काणेकरांनी 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' लिहून मराठी प्रवासवर्णनाचा चेहराच बदलला. माहितीच्या जागी त्यांनी मन आणले. हा उपकार मोठाच. पण त्यांच्या लघुनिबंधकाराच्या चालीत एक धोकाही होता. प्रवास म्हणजे लेखकाच्या मनःस्थितीचे प्रदर्शन, असा समज त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी करून घेतला, आणि शहर हे लेखकाच्या छायाचित्रामागील पडदा होऊन बसले. १९६० सालच्या 'अपूर्वाई'त पु. ल. देशपांडे ह्या धोक्यातून सुटले ते केवळ विनोदाच्या बळावर नव्हे. दूरचित्रवाणीच्या शिक्षणाकरिता त्यांस लंडनास काही महिने राहावे लागले होते, आणि राहणाऱ्याचे कुतूहल घेऊनच ते पुढे फ्रान्स व जर्मनीत गेले. त्यांच्या पुस्तकातील इमारती आपण विसरतो. माणसे विसरत नाही. मीना प्रभूंचे पहिले पुस्तक 'माझं लंडन' १९९३ साली आले. पुढे त्यांनी अनेक देशांवर मोठमोठे ग्रंथ लिहिले, त्यांत श्रम व माहिती ह्यांची वाण नाही; तरीही पहिल्या पुस्तकाच्या नावातील 'माझं' हा शब्द त्यांस पुन्हा तितक्या हक्काने उच्चारता आला नाही, असे मला वाटते. तो हक्क वर्षानुवर्षांच्या वास्तव्याने आलेला होता.

येथे कोणी म्हणेल की, तीन आठवड्यांच्या सुटीस वर्षानुवर्षांच्या वास्तव्याची सर कोठून यावी? आक्षेप रास्त आहे. पण मुक्काम किती लांबीचा, ह्यापेक्षा तो कोणत्या वृत्तीचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ह्यास फ्रान्समधीलच एक सुंदर दाखला आहे. क्लोद मोने हा चित्रकार १८९२ व १८९३ साली रूआँ शहरी गेला, आणि तेथील प्राचीन कॅथीड्रलसमोर जागा भाड्याने घेऊन त्याने त्या एकाच दर्शनी भिंतीची तिसांहून अधिक चित्रे आरंभिली. सकाळची भिंत निराळी, धुक्यातली निराळी, सायंकाळची निराळी. १८९५ साली त्यांपैकी वीस चित्रे पॅरिसमध्ये मांडली गेली. भाड्याच्या जागेचा उपयोग काय, ह्याचे ह्याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. दुसऱ्यांदा पाहता येणे, हाच तो उपयोग. घाईच्या प्रवाशास कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा पाहता येत नाही, आणि जे एकदाच पाहिले त्याविषयी उद्गार काढता येतात, निर्णय देता येत नाहीत.

पॅरिसमध्ये बिऱ्हाड केलेल्यास ही दुसरी खेप पदोपदी लाभते. जुन्या इमारतीच्या जिन्यातील दिवा कळ दाबल्यावर लागतो आणि थोड्याच वेळात आपोआप मालवतो. पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यास निघालेला नवखा मनुष्य मध्येच काळोखात सापडतो, आणि काटकसर हा त्या समाजाचा केवढा मुरलेला स्वभाव आहे हे त्यास तेथे उमजते. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हटल्यावाचून मागणी केली तर दुकानदाराच्या कपाळास आठी पडते. व्यवहाराआधी माणसाची दखल घ्यावी, हा तेथला शिष्टाचार आहे. 'बगेत' नावाचा तो लांबट पाव रोज ताजा आणावयाचा असतो. त्याची कला २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात नोंदविली. पण तो सकाळी रांगेत उभे राहून आणल्यावाचून, आणि नेहमीचे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असते हे अनुभवल्यावाचून, त्या नोंदीचे मर्म कळत नाही. रस्त्यावरचा बाजार दुपार कलण्यापूर्वी उठतो. ऑगस्टात गल्लीतली कित्येक दुकाने टाळे लावून गावी जातात. लुक्सांबूर बागेतील लोखंडी खुर्च्या कोणीही उचलून उन्हात ओढाव्या आणि तासन् तास बसावे. कोणी हटकत नाही. ह्यांतील एकही गोष्ट प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नाही, आणि ह्या सर्वांवाचून पॅरिसही नाही.

तथापि एवढ्यावर समाधान मानणारे प्रवासवर्णन दुसऱ्या खड्ड्यात पडेल. मनोऱ्यांच्या याद्या गेल्या आणि पावाच्या, चीजच्या व कॉफीच्या याद्या आल्या, तर वाचकाच्या पदरी काय पडले? 'आम्ही तेथे अगदी तेथल्या माणसांसारखे राहिलो' हे वाक्य अशा लेखनात हटकून येते, आणि ते खरे नसते. तेथल्या माणसास भाडे महिन्याच्या पगारातून भागवावयाचे असते. त्याच्या मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, कामावर जाण्याची लगबग ही सारी त्याच शहरात असतात. सुटीवर आलेल्या बिऱ्हाडकरूस शहराचा विसावा मिळतो. शहराची चिंता मिळत नाही.

किंबहुना त्याच्या विसाव्याची किंमत तेथला माणूस मोजीत असतो, हे लेखकाने विसरता कामा नये. जी जागा पाहुण्यास आठवड्याच्या भावाने मिळते, ती कोणा रहिवाशास वर्षाच्या कराराने मिळू शकली असती. पाहुण्याचे भाडे अधिक येते, म्हणून मालकाचा कल तिकडे झुकतो आणि गल्लीतले शेजारी कमी होतात. फ्रान्समध्ये ह्यावर मोठा वाद झाला. नोव्हेंबर १९२४ नव्हे, अगदी परवाच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे नवा कायदा झाला, आणि मालकाने आपले राहते घर पाहुण्यांस वर्षातून १२० दिवस देण्याची जी मुभा होती ती पॅरिसने २०२५ पासून ९० दिवसांवर आणली. मुंबईच्या वाचकास घरभाड्याचे राजकारण नवे नाही. आपल्याकडे १९४७ साली मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला, तर फ्रान्सने १९४८ च्या सप्टेंबरात युद्धोत्तर घरटंचाईपायी आपला भाडेकायदा केला. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : छप्पर हे प्रथम कोणाचे, त्यातून उत्पन्न काढणाऱ्याचे की त्याखाली राहणाऱ्याचे? आज त्यात तिसरा, म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, येऊन बसला आहे. तो आपणच आहो.

ह्याचा अर्थ कोणी जाऊ नये असा नाही. जावे, आणि अवश्य राहावे. नियमाने नोंदलेली जागा घ्यावी, रात्री दहानंतर शेजाऱ्यास त्रास देऊ नये, इत्यादी गोष्टी सभ्य गृहस्थास सांगावयास नकोत. माझे म्हणणे लेखकापुरते आहे. ज्याने परक्या शहरात बिऱ्हाड केले, त्याने त्या घराचा इतिहासही आपल्या विषयात धरावा. ही खोली पूर्वी कोणाची होती? जिन्यात रोज भेटणारी वृद्धा पाहुण्यांच्या चाकांच्या पेट्यांच्या खडखडाटाविषयी काय म्हणते? खालच्या मजल्यावरील चर्मकाराचे दुकान जाऊन तेथे काय आले? हे प्रश्न विचारले की पावाची चवही खोल होते, आणि लेखन दैनंदिनीच्या पायरीवरून वाङ्मयाच्या पायरीवर चढते. गोडसे भटजींस आणि रमाबाईंस हे प्रश्न कोणी शिकविले नव्हते. ज्या गावाचे अन्न खाल्ले त्या गावाची विचारपूस करावी, एवढा साधा संस्कार त्यांच्यापाशी होता.

तेव्हा येत्या काळात फ्रान्समधील निवांत मुक्कामावर जी पुस्तके मराठीत येतील, त्यांस वाचकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावे. लेखकाने एखादी तरी गोष्ट दुसऱ्यांदा पाहिली आहे काय? आणि ज्या घरात तो राहिला, त्या घराचे त्याच्यावर काही देणे आहे, ह्याची त्यास जाणीव आहे काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्या पुस्तकात आयफेल मनोऱ्याचे नावही न येवो. मराठी प्रवासवाङ्मयात त्याने मोलाची भर घातली, असे आपण निःशंकपणे म्हणू.