मॅलॉकचा धडा: सुंदर, पण अर्धवट

सी शिकलेल्या बऱ्याच जणांकडे कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक असतं. आठव्या प्रकरणापर्यंत पोचणारे कमी. तिथला ८.७ हा भाग जरूर वाचा. चालू प्रोग्रॅमला जास्तीची मेमरी देणारं मॅलॉक आतून कसं चालतं, हे तिथे पूर्ण कोड देऊन दाखवलंय.

मला त्यातलं मोअरकोअर हे छोटं फंक्शन फार आवडतं. ऑपरेटिंग सिस्टिमकडे हात पसरणं महाग पडतं, म्हणून ते किराणा दुकानदारासारखं वागतं. गिऱ्हाइकाला पाव किलो साखर हवी असली, तरी दुकानदार पोतंच आणतो ना? तसंच. तुम्ही २० बाइट मागा, ते एसबीआरके या कॉलने एकदम १०२४ युनिटं उचलतं. आजच्या ६४-बिट मशीनवर ते १६ केबी होतात. उरलेला माल यादीत राहतो. (फ्री केलेला माल सिस्टिमकडे कधीच परत जात नाही, हेही बघून ठेवा.) लिनक्सच्या जीलिबसीत आजही हाच घाऊक-किरकोळ हिशेब आहे, फक्त मोठ्या मागण्या, सुरुवातीला १२८ केबीपासून पुढच्या, एमएमॅपने वेगळ्या घेतल्या जातात.

माझा आक्षेप पुढे आहे. सिस्टिम नाही म्हणाली की मॅलॉक नल देतं. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं की नल आलं नाही, म्हणजे मेमरी मिळाली. लिनक्सवर एरवी असं नसतं. तिथे मागणी मंजूर होते तेव्हा नुसता पत्त्यांचा पट्टा नावावर होतो. सातबाऱ्यावर नाव चढलं, ताबा बाकी! खरी रॅम लागते ती त्यावर पहिल्यांदा लिहिताना, सहसा ४ केबीचं एकेक पान. कर्नल रॅम आणि स्वॅपच्या बेरजेपेक्षा जास्त वाटून बसलेला असू शकतो. सगळे एकदम ताबा मागायला आले, की तो एक प्रोसेस निवडून मारतो. तुमची नलची तपासणी या सगळ्यात कुठेच येत नाही. शिवाय मरणारा प्रोसेस शेवटचं पान मागणाराच असेल, असंही नाही.

सिम्युलेशन करणाऱ्यांना हे आठ तासांच्या रननंतर टर्मिनलवरच्या ‘किल्ड’ या एका शब्दातून कळतं. यात पुस्तकाचा दोष थोडा. आपला कोड मशीनवर अवलंबून आहे हे लेखक स्वतःच सांगतात. खटकतो तो अभ्यासक्रम. एसबीआरके २००१ साली पॉसिक्समधून गेलं, तरी ‘नल तपासा’ एवढ्यावर धडा संपतो.

तोवर एक करा. मोठा अ‍ॅरे घेतला की लगेच प्रत्येक पानावर काहीतरी लिहा. मरायचंच असेल तर प्रोग्रॅम बहुतेक पहिल्या मिनिटात मरेल. आणि कॅलॉकवर विसंबू नका: कर्नलकडून आलेली नवी पानं शून्यच असतात, म्हणून मोठ्या मागणीत ते त्यांना हातही लावत नाही.