सुनीत आणि शार्दूलविक्रीडित

इंग्रजी वाङ्मयातील संप्रदायांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा लक्षणांच्या यादीने होतो. संप्रदायाचे नाव, प्रमुख कवी, चार वैशिष्ट्ये, एवढे पाठ झाले की विषय संपला असे मानले जाते. सेलूसारख्या गावातून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ याहून विश्वसनीय असे एक साधन असते. ते म्हणजे त्याचा मराठी कान. या कानाने इंग्रजी काव्यप्रकार पारखता येतो, हे सुनीताच्या उदाहरणावरून दिसून येईल.

सुनीत हे मूळ इंग्रजीचेही नव्हे. सोळाव्या शतकात वायट व सरे यांनी ते इटालियन भाषेतून आणले. इटालियनमध्ये यमके विपुल असल्याने पेट्रार्कच्या पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर उभ्या राहतात. इंग्रजीत यमकांची टंचाई. म्हणून सरेने तीन चतुष्के व एक द्विपदी अशी सात यमकांची रचना रूढ केली आणि शेक्सपिअरने तीच स्वीकारली. उसनवारी करतानाही भाषेने आपला स्वभाव सोडला नाही, हे येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

मराठीत हा प्रकार केशवसुतांनी (१८६६–१९०५) आणला व त्यास 'चतुर्दशक' म्हटले. त्यांचे शिक्षण काही काळ वर्ध्यासही झाले होते. पुढे १९२३ साली पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काळात 'सुनीत' हे नाव रूढ झाले आणि शार्दूलविक्रीडित हे त्याचे जणू अधिकृत वृत्त बनले. निवड वरवर पाहता सयुक्तिक होती. चार चरणांचा श्लोक मराठी कानास परिचित असल्याने तीन श्लोक व दोन चरण ही विभागणी सहज जुळली. मात्र इटालियन पद्धतीची आठ व सहा ही विभागणी तितकी सहज जुळत नाही. कारण दोन श्लोकांनंतर दीड श्लोक उरतो, आणि अर्ध्या श्लोकावर थांबण्याची कानास सवय नाही.

खरी अडचण मात्र याहून खोल आहे. इंग्रजी सुनीताच्या ओळीत सामान्यतः १० अक्षरे, तर शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९. म्हणजे १४ ओळींत १४० विरुद्ध २६६. हा फरक काहीसा भासमान आहे, कारण इंग्रजीत एकाक्षरी शब्द पुष्कळ, तर मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतो. परंतु इंग्रजी ओळीत आघातांची जागा थोडीफार हलविण्याची मुभा कवीस असते. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले आणि बाराव्या अक्षरावर यती. गण साधण्यासाठी कवी संस्कृत समासाकडे वळतो, विशेषणांची भर घालतो, क्रियापद स्थानभ्रष्ट करतो. रविकिरण मंडळाच्या काळातील अनेक सुनीतांत जो शब्दफुगारा जाणवतो, त्याचे कारण कवीच्या प्रतिभेइतकेच त्याच्या वृत्तातही शोधावे लागते.

यातील विसंगती लक्षणीय आहे. वर्ड्‌स्वर्थने १८०० च्या प्रस्तावनेत काव्याची भाषा माणसांच्या नित्याच्या बोलण्याजवळ आणण्याचा आग्रह धरला होता. त्या संप्रदायाचे ऋण मानणाऱ्या मराठी कवितेने आत्मनिष्ठा घेतली; पण तिचा हा आवडता प्रकार बोलीपासून सर्वांत दूरच्या वृत्तांपैकी एकात बसविला. आशय नवा आला, उच्चार जुना राहिला.

पद्याच्या घडणीचा प्रश्न या कवींस सुचला नव्हता असे मात्र नव्हे. मंडळातील माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली व त्याबद्दल १९३८ साली मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळविली. प्रत्यक्ष सुटकेची एक वाट मात्र विदर्भातून निघाली. मूर्तिजापूर येथे १९०१ साली जन्मलेल्या अनिलांनी 'भग्नमूर्ति' (१९४०) या दीर्घकाव्यात मुक्तछंद वापरला आणि पुढे दहा चरणांची 'दशपदी' सिद्ध केली. दशपदी हे सुनीताचे भाषांतर नव्हे. थोडक्या, ठराविक चरणांत एक भाव पुरा करण्याची सुनीताची शिस्त तिच्यात आहे. चौदाचा आकडा व शार्दूलविक्रीडिताचा भार नाही. सरेने इंग्रजीत जे केले, त्याच जातीचे हे कार्य होय.

म्हणून इंग्रजी सुनीत शिकविताना विद्यार्थ्याकडून त्याची लक्षणे लिहून घेण्यापूर्वी एक इंग्रजी व एक मराठी सुनीत मोठ्याने वाचून घ्यावे, आणि आवाज कोठे थांबतो, कोठे ओढला जातो याची नोंद करावयास सांगावे. संप्रदायाचा इतिहास त्या नोंदीतून सुरू होईल.