परिचित शब्दांची अपरिचित रचना : विद्यार्थी-शब्दकोशांची एक चिकित्सा

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण कठीण शब्दांमुळे होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ‘फोटोसिंथेसिस’सारखा शब्द एकदा समजला की सहसा चुकत नाही. चुकतात ते ‘हॅव’, ‘मेक’, ‘टेल’, ‘मॅरी’ यांसारखे शब्द, जे शालेय वर्गांतच ‘शिकून झालेले’ असतात. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तरीही पदवीच्या उत्तरपत्रिकांत याच शब्दांच्या चुका आढळतात. त्यांचे मूळ विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणात आहे की त्याच्या हाती दिलेल्या साधनांत आहे, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

पर्यायशब्दांची मर्यादा

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. मराठी पर्यायांचे वैपुल्य हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुढील काळातील खिशात मावणाऱ्या कोशांनी हे वैपुल्य एक-दोन शब्दांवर आणले. वाचनासाठी असा कोश उपयुक्त ठरतो. लेखनासाठी मात्र तो फसवा आहे. ‘मॅरी’ म्हणजे ‘लग्न करणे’ हा अर्थ अचूकच आहे. पण मराठीत लग्न कोणाशी तरी करायचे असते, म्हणून विद्यार्थी ‘मॅरी’पुढे ‘विथ’ जोडतो. चर्चा कशाविषयी तरी होते, म्हणून ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येते. उलट गाणे ‘ऐकताना’ मराठीत कोणतेही शब्दयोगी अव्यय लागत नाही, म्हणून ‘लिसन’नंतरचा ‘टू’ गळतो. तिन्ही ठिकाणी अर्थ बरोबर आहे. रचना मात्र मराठीची आहे. कोशाने अर्थ दिला आणि रचना सांगितली नाही, म्हणून विद्यार्थ्याने ती स्वभाषेतून घेतली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत शब्दाबरोबर वाक्य येत होते, हा तिचा गुण या संदर्भात नोंदवण्याजोगा आहे.

एकभाषिक कोशांचे योगदान

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ च्या कोशात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ केवळ १,४९० शब्दांत दिले. १९५३ च्या त्यांच्या शब्दसूचीत सुमारे २,००० नित्य शब्दांच्या प्रत्येक अर्थाची वारंवारता दर्शविली होती. ए. एस. हॉर्नबी यांचा कोश जपानमधील अध्यापनातून सिद्ध होऊन १९४२ मध्ये टोकियोत निघाला; क्रियापदापुढे कोणती रचना येते हे त्यात सांकेतिक क्रमांकांनी दाखवले होते. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखालील कोबिल्ड कोशाने प्रत्यक्ष वापरातील भाषेचा संग्रह आधाराला घेऊन पूर्ण वाक्यांत अर्थ दिले. अर्थाकडून वापराकडे झालेला हा प्रवास मौलिक आहे.

तथापि दोन आक्षेप उरतात. पहिला, सोप्या शब्दांत व्याख्या करताना ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांवरच भार पडतो आणि हेच शब्द सर्वाधिक अनेकार्थी असतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेस्ट व हॉर्नबी यांच्या कोशांचा उगम आशियातील वर्गांत असला, तरी त्या वर्गांतील विद्यार्थ्याच्या मातृभाषेला त्यांच्या एकभाषिक कोशांत स्थान उरले नाही. जगातील सर्वांसाठी केलेला कोश मराठी विद्यार्थी नेमका कोठे अडखळेल, हे सांगू शकत नाही.

मातृभाषेचे स्थान

‘हॅव’चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पेन आहे’, ‘घराला तीन खोल्या आहेत’ या वाक्यांत मराठीला स्वामित्वदर्शक स्वतंत्र क्रियापद लागत नाही. ज्याचे आहे तो कर्ताही नसतो. इंग्रजीत तोच कर्ता होतो. हा बदल कोणत्याही पर्यायशब्दातून वा एकभाषिक व्याख्येतून कळत नाही; तो दोन भाषा शेजारी ठेवूनच दाखवावा लागतो. ‘करणे’ची स्थितीही अशीच. चहा करणे व चूक करणे यांना ‘मेक’, तर गृहपाठ करण्याला ‘डू’ लागते. मराठीतील ‘लावणे’ तर दिवा, दार, झाड आणि मलम यांना सारखेच चालते. इंग्रजीत मात्र प्रत्येक ठिकाणी क्रियापद बदलते.

समारोप

आज भ्रमणध्वनीवर क्षणात पर्यायशब्द मिळतो; त्यामुळे जुन्या पर्यायकोशाची मर्यादा अधिक वेगाने विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते, एवढेच. मराठी विद्यार्थ्याला हवा आहे तो नित्य वापरातील शब्दांचा मर्यादित, परंतु तौलनिक कोश : प्रत्येक शब्दाचा मुख्य अर्थ, त्यापुढील रचना आणि मराठीपासून तो कोठे वेगळा होतो याची नोंद असलेला. त्याची सामग्री महाविद्यालयांच्या उत्तरपत्रिकांतच विखुरलेली आहे. इंग्रजी व मराठी विभागांनी ती एकत्र संकलित करावयास हवी. तसे झाले, तर ‘मॅरी विथ’वर केवळ लाल रेघ मारून प्राध्यापकाचे काम संपणार नाही. त्या चुकीमागे मराठीची सुसंगत व्यवस्था आहे, हे विद्यार्थ्याला समजेल आणि स्वतःला मंदबुद्धी न मानता तो दुसरी व्यवस्था शिकू लागेल.