हिरवेपणाची साक्ष : ॲमेझॉनविषयक वादाचा परामर्श

वनस्पती आणि पाणी यांच्या संबंधाचा उपग्रहाच्या साह्याने अभ्यास करावयाचा, तर एक मर्यादा प्रथम ध्यानी घ्यावी लागते. उपग्रह वनस्पतीची तहान मोजीत नाही. पानांवरून परावर्तित झालेला, मुख्यतः तांबडा व अवरक्त, प्रकाश तेवढा मोजतो. त्यावरून ‘हिरवेपणा’चा निर्देशांक सिद्ध होतो. साहेलसारख्या कोरड्या प्रदेशात पाऊस हीच वाढीची मर्यादा असल्याने हा निर्देशांक पावसाबरोबर चढतो-उतरतो. तेच गमक सदाहरित अरण्यास लावणे कितपत युक्त, हा प्रश्न ॲमेझॉन खोऱ्यातील २००५ च्या अवर्षणाने उपस्थित केला.

सालेस्का प्रभृतींनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, त्या अवर्षणात अरण्य सुकण्याऐवजी अधिक हिरवे झाले. खोल मुळांना पाणी मिळत राहिले व ढग विरळ होऊन सूर्यप्रकाश वाढला, ही त्यांची उपपत्ती. ती आकर्षक खरी. परंतु तिचा पाया दृढ ठरला नाही. सामंता प्रभृतींनी २०१० मध्ये ढग व वातावरणातील सूक्ष्मकण यांनी दूषित झालेली निरीक्षणे वगळली. तेव्हा अवर्षणग्रस्त अरण्याचा केवळ ११ ते १२ टक्के भाग हिरवा झालेला आढळला. २८ ते २९ टक्के भागात निर्देशांक घटला अथवा स्थिर राहिला. उर्वरित भागाविषयी विधान करण्याजोगी सामग्रीच नव्हती.

पुढे वादाचा रोख दरवर्षीच्या कोरड्या ऋतूकडे वळला. त्या ऋतूतील हिरवेपणाही सूर्य आणि उपग्रह यांच्या बदलत्या कोनांमुळे केवळ भासतो, असे मॉर्टन प्रभृतींनी २०१४ मध्ये म्हटले. यास २०१६ मध्ये सालेस्का व सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्याच वर्षी वू प्रभृतींनी मनोऱ्यांवरील कॅमेऱ्यांच्या आधारे कोरड्या ऋतूत जुनी पाने जाऊन नवी येतात, हे दाखविले. हा आक्षेप ग्राह्य आहे. तथापि नेहमीच्या ऋतुचक्रातील पालवी खरी ठरली, म्हणून असाधारण अवर्षणात अरण्य सुरक्षित राहिले, असे सिद्ध होत नाही. फिलिप्स प्रभृतींनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली, जमिनीवरील कायम भूखंडांतील मोजणी तर २००५ मध्ये वृक्षांचे जैवभार घटल्याचे सांगते.

पर्णसंभाराचा रंग आणि वृक्षाची जलस्थिती या भिन्न गोष्टी होत. म्हणून अशा संशोधनात वगळलेल्या निरीक्षणांचे प्रमाण प्रकट करणे आणि निर्देशांकास मृदेतील ओलावा व भूखंडांतील मोजणी यांची जोड देणे अवश्य आहे. तसे न केल्यास मरणोन्मुख अरण्यही नकाशावर टवटवीत दिसेल, आणि त्याच्या रक्षणाची निकड कोणास वाटणार नाही.