माउस चालू झाला, पण कशामुळे? उपायांच्या याद्यांवर एक आक्षेप

गेल्या सत्रातली गोष्ट. आमच्या शेजारच्या लॅबमधला एक ज्युनिअर रास्पबेरी पाय ४ वर प्रतिक्रियाकाळ मोजायचा प्रयोग लावत होता. पडद्यावर ठिपका दिसला की वायरलेस माउसचं बटण दाबायचं, बस्स. ११ जणांच्या नोंदी झाल्यावर बाराव्या मुलीने विचारलं, "हा माउस असा अडखळत का चालतोय?" त्याने शोधाशोध केली, 'हे उपाय करून बघा' छापाची एक यादी मिळाली आणि एका संध्याकाळी त्याने ती सगळी अमलात आणली. नवा पॉवर अडॅप्टर, माउसचा डोंगल दुसऱ्या पोर्टला, एसएसडी काढून साधं पेनड्राइव्ह, बूटच्या फाइलमध्ये 'माउसपोल शून्य' ही ओळ, वर सिस्टिम अपडेट. माउस लोण्यासारखा चालायला लागला. "ताई, झालं एकदाचं!" असं सांगत तो आला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "आधीच्या ११ नोंदी ठेवायच्या की टाकायच्या?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आणि हाच माझा या प्रकारच्या लिखाणावरचा मुख्य आक्षेप आहे. अशा याद्या लक्षण घालवतात, पण कारण सांगत नाहीत. घरी गाणी ऐकायला पाय लावला असेल तर एवढं पुरतं, तिथे माझी काही तक्रार नाही. पण तोच पाय मोजमापाचं साधन झाला की कारण कळल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही.

आता या एका लक्षणामागची तीन कारणं बघू. तिन्ही खरी आहेत, आणि तिन्हींचे उपाय त्या यादीत शेजारी शेजारी बसलेले होते.

पहिलं, पोलिंग. यूएसबी माउस स्वतःहून काही बोलत नाही, कॉम्प्युटर ठरावीक वेळाने त्याला विचारतो. रास्पबेरी पायच्या कर्नलमध्ये प्रोसेसरवरचा भार कमी व्हावा म्हणून माउसला विचारायचा काळ मुद्दाम १६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ६० वेळा, एवढा ठेवलेला आहे. 'माउसपोल शून्य' म्हणजे माउस स्वतः जो काळ मागेल तो द्या. हा बिघाड नाहीच, तो कोणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे. यादीत हे एका शब्दाने सांगितलेलं नसतं, नुसती ओळ चिकटवायला दिलेली असते.

दुसरं, रेडिओचा गोंधळ. यूएसबी ३ ची जोडणी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही गोंगाट पसरतो, आणि बहुतेक वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर श्वेतपत्रिका काढली होती. म्हणजे निळ्या पोर्टला एसएसडी आणि त्याला खेटून डोंगल असेल तर माउसचे काही संदेश वाटेतच हरवतात.

तिसरं, वीज. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय 'अंडर-व्होल्टेज'ची नोंद करतो. केबल बारीक किंवा चार्जर मोबाइलचा असला की हे हमखास होतं, आणि मग यूएसबीवरचं उपकरण मध्येच गळून पुन्हा जोडलं जातं.

माउस धरणाऱ्या माणसाला तिन्ही सारखीच वाटतात. पण नोंदींच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. कारण पोलिंग असेल तर प्रत्येक क्लिक ० ते १६ मिलिसेकंद थांबतं, सरासरी ८. ही त्रुटी मर्यादित आहे आणि सगळ्यांना सारखी लागू आहे. मर्यादा म्हणून लिहून नोंदी ठेवता येतात. कारण रेडिओ असेल तर एखादं क्लिक वेळेवर येतं, एखादं फार उशिरा, आणि कोणतं कसं आलं ते नंतर ओळखता येत नाही. मग नोंदी टाकाव्याच लागतात. म्हणजे 'माउस दुरुस्त झाला' हे वाक्य दोन्हीकडे सारखंच, आणि निष्कर्ष मात्र उलटे!

बरं, ही कारणं वेगळी ओळखायला फार काही लागतं का? नाही. 'ईव्हीटेस्ट' हा छोटा प्रोग्राम प्रत्येक घटनेची वेळ छापतो. माउस सलग फिरवत राहा आणि दोन नोंदींमधलं अंतर बघा. अंतरं १६ च्या आसपास एकसारखी असतील तर पोलिंग. बहुतेक छोटी, मध्येच एकदम मोठी खिंडारं, आणि डोंगल लांब केबलवर नेला की खिंडारं गायब, तर रेडिओ. कर्नलच्या संदेशांत अंडर-व्होल्टेजची ओळ किंवा उपकरण सुटून नव्या क्रमांकाने जोडलं गेल्याची ओळ असेल तर वीज. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. पण यादीत ते नसतं, कारण यादीतली प्रत्येक पायरी 'हे करा' अशी असते. 'हे बघा, आणि असं दिसलं तर त्याचा अर्थ असा' अशी एकही नसते.

दुसरा आक्षेप कालबाह्यतेचा. काही याद्यांमध्ये अजून 'डीडब्ल्यूसी ओटीजी स्पीड एक' ही ओळ फिरते. तिचा इतिहास मुळातून बघण्यासारखा आहे. २०१२ च्या पहिल्या मॉडेल बी वर कीबोर्डची कळ अडकायची, एकदा दाबलेला 'अ' ओळभर उमटायचा. कीबोर्ड फक्त बदल झाला की कळवतो: कळ दाबली, कळ सोडली. 'सोडली' हा संदेश हरवला तर लिनक्सला कळ दाबलेलीच वाटते आणि तो अक्षर गिरवत राहतो. संदेश हरवायची वाट एकच नव्हती. सुरुवातीच्या बोर्डांवर यूएसबी पोर्टला १४० मिलिअँपिअरचे फ्यूज होते, त्यांच्यामुळे व्होल्टेज पडायचं. ते त्याच वर्षी नंतरच्या बोर्डांतून काढले. शिवाय कीबोर्डसारखं सावकाश उपकरण वेगवान हबमागे असलं की प्रत्येक देवाणघेवाण तुकड्यांत करावी लागते. या चिपमध्ये त्या तुकड्यांचं वेळापत्रक सॉफ्टवेअरने सांभाळायचं होतं, आणि जरा उशीर झाला की संदेश गेला.

ती ओळ पूर्ण यूएसबीलाच जुन्या, १२ मेगाबिटच्या वेगावर आणते. तुकडे करायची वेळच येत नाही, कीबोर्ड सुधारतो. पण इथरनेटही त्याच हबवर असल्यामुळे तेही रांगायला लागतं. उपाय म्हणून ही ओळ वाईटच. चाचणी म्हणून मात्र उत्तम! ती घातल्यावर अडकणं थांबलं तर दोष तुकड्यांच्या वेळापत्रकात, नाही थांबलं तर विजेकडे बघा. निष्कर्ष काढायचा आणि ओळ पुसून टाकायची. पाय ४ वर तर चारही मोठी पोर्टं वेगळ्याच कंट्रोलरवर आहेत, तिथे या ओळीचा काही संबंधच नाही. तरी ती याद्यांमध्ये टिकून आहे, कारण ज्यांचं काम होतं ते दुवा देऊन जातात, आणि ज्यांचं होत नाही ते गपचूप पुढची यादी उघडतात.

तिसरा आक्षेप: उलटं कसं फिरायचं हे कोणी लिहीत नाही. डेव्हिड अ‍ॅगन्स यांच्या 'डीबगिंग' या २००२ च्या पुस्तकात एका वेळी एकच गोष्ट बदलण्यावर भर आहे. आपण ते मान डोलावून वाचतो आणि डेडलाइन आली की पाच गोष्टी एकदम बदलतो. मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

त्या ज्युनिअरबरोबर मग आम्ही उलटा प्रवास केला. सगळं चालू असताना एकेक बदल मागे घ्यायचा, दहा मिनिटं ईव्हीटेस्ट, मग तो परत लावायचा. जुना अडॅप्टर लावला: काही फरक नाही, कर्नलची तक्रार नाही. माउसपोलची ओळ काढली: अंतरं १६ वर गेली, पण एकसारखी; अडखळणं नाही. डोंगल जुन्या जागी आणि शेजारच्या निळ्या पोर्टला एसएसडी: लगेच खिंडारं. डोंगल एक मीटरच्या केबलवर नेला, एसएसडी तिथेच: खिंडारं बंद. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

म्हणजे रेडिओ. म्हणजे ११ नोंदी गेल्या. त्याचा चेहरा पडला, साहजिक आहे. पण मॅडमच्या प्रश्नाला आता उत्तर होतं, आणि प्रबंधात लिहायला एक नीट परिच्छेदही.

यादी वापरू नका असं मी म्हणत नाही. ती संशयितांची यादी म्हणून वापरा. वहीत चार रकाने आखा: संशय, तो खरा असेल तर काय दिसायला हवं, प्रत्यक्ष काय दिसलं, बदल मागे घेतल्यावर काय झालं. चौथा रकाना रिकामा असेल तोवर 'दुरुस्त झालं' असं गाइडना सांगू नका.